गाल्टन यांची खिळ्यांची फळी : लाकडावरची आणि पडद्यावरची



दहावीच्या बीजगणितात संभाव्यता आणि सांख्यिकी हे धडे एकापाठोपाठ येतात. ते शिकवताना आपण हल्ली स्मार्ट बोर्डवर एक सिम्युलेशन लावतो. वरून चेंडू सुटतो, खिळ्यांवर आपटत कधी डावीकडे कधी उजवीकडे जातो आणि खालच्या कप्प्यांत पडतो. शंभर-दोनशे चेंडू पडले की मधे उंच आणि कडेला उतरता असा डोंगर तयार होतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' संचात हेच 'प्लिंको' नावाने आहे. मुलं खूश होतात आणि तास संपतो. पण ही फळी मुळात खरीखुरी होती. ती करवून घेणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायची राहून जाते, आणि तीच सांगण्यासारखी आहे.

सर फ्रान्सिस गाल्टन यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८२२ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळ झाला. घर सधन, वडील बँकर. आई व्हायोलेटा ही इरॅस्मस डार्विन यांची मुलगी, म्हणजे चार्ल्स डार्विन हे नात्याने भाऊ लागत. मोठी बहीण अ‍ॅडेल पाठीच्या दुखण्यामुळे पडून असे, तिनेच या धाकट्या भावाला शिकवलं. अडीच वर्षांचे असताना ते वाचू लागले होते. आजच्या भाषेत 'हुशार मुलगा', आणि घरच्यांच्या अपेक्षाही तशाच.

पुढे मात्र गाडी अडखळली. वैद्यकीचं शिक्षण सुरू केलं. तिथे औषधांच्या यादीतली औषधं इंग्रजी वर्णानुक्रमे स्वतः थोडी थोडी घेऊन बघायचा उद्योग केला. 'सी' अक्षरातलं जमालगोट्याचं तेल आलं आणि प्रयोग तिथेच थांबला! मग केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात गणित. अभ्यासाच्या ताणाने तब्येत ढासळली आणि विशेष गुणवत्तेची पदवी सोडून साध्या पदवीवर समाधान मानावं लागलं. १८४४ मध्ये वडील वारले. हाती एवढी मालमत्ता आली की उभ्या आयुष्यात पोटासाठी नोकरी करायची वेळ आली नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग इजिप्त-सुदान-सीरियाचा प्रवास, १८५० ते १८५२ आजच्या नामिबियाचा शोधप्रवास, त्याबद्दल रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक. १८५३ मध्ये लुइझा बटलर यांच्याशी लग्न झालं. मूलबाळ झालं नाही. हवामानाकडे वळले तेव्हा 'अँटिसायक्लोन' ही संकल्पना मांडली. १ एप्रिल १८७५ च्या 'टाइम्स'मध्ये छापलेला हवामानाचा नकाशा त्यांनीच तयार केलेला होता. मोजण्याचं वेड विलक्षण. जे दिसेल ते मोजायचं.

आता फळीकडे येऊ. १८७३ च्या सुमारास त्यांनी लंडनच्या टिस्ली अँड स्पिलर या उपकरणं बनवणाऱ्यांकडून एक पेटी करवून घेतली. समोर काच, वर नरसाळं, मधे एका आड एक रांगांत ठोकलेल्या पिना, तळाशी उभे कप्पे. नरसाळ्यातून शिशाचे छर्रे सोडायचे. फेब्रुवारी १८७४ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानात त्यांनी ती लोकांसमोर चालवून दाखवली. तिला ते 'क्विंकंक्स' म्हणत, कारण पिनांची मांडणी फाशावरच्या पाच ठिपक्यांसारखी होती.

पिना आणि गोळ्यांचा खेळ इंग्लंडला नवा नव्हता. बगॅटेल घरोघरी खेळलं जाई. १८७१ मध्ये माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी अमेरिकेत त्याच खेळाला गोळी उडवणाऱ्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं, आणि तिथून पिनबॉल यंत्रांचा वंश सुरू झाला. विंडोज एक्सपीवरचं 'स्पेस कॅडेट' तुमच्यापैकी कितीतरी जणांनी कॉम्प्युटर लॅबमध्ये खेळलं असेल, तेही याच घराण्यातलं. खऱ्या यंत्राला खेळणारा कमरेने धक्का देतो, आणि जास्त दिला की यंत्र 'टिल्ट' म्हणून बंद पडतं. पडद्यावरच्या खेळात त्या धक्क्यासाठीही एक बटण असतं.

वर्गात हा फरक फार कामाचा आहे. पडद्यावरच्या साध्या सिम्युलेशनमध्ये चेंडू खिळ्याला 'आपटत' नाही. प्रत्येक खिळ्यापाशी संगणक मनातल्या मनात छापा-काटा करतो आणि मग चित्र सरकवतो. डावी-उजवी अर्धी-अर्धी शक्यता आपणच आत घातलेली असते. चार रांगा असतील तर १६ वाटा, आणि कप्प्यांत १, ४, ६, ४, १ अशी वाटणी. हे आकडे मुलांना पास्कलच्या त्रिकोणातून सांगता येतात, तसेच पिंगलांच्या छंदःसूत्रावर टीका लिहिणाऱ्या हलायुधांच्या मेरुप्रस्तारातूनही. थोडक्यात, सूत्र आत आणि सूत्रच बाहेर. (टकरीचं भौतिकशास्त्र खरोखर मोजणारी सिम्युलेशनंही असतात, पण ती वर्गात क्वचित येतात.)

लाकडी फळी तशी आज्ञाधारक नसते. प्लायवूडवर खिळे ठोका, सायकलच्या दुकानातले छर्रे सोडा, आणि बघा. फळी जराशी कलली की डोंगर एका बाजूला सरकतो. एखादा खिळा वाकडा असेल तर तिथे खड्डा पडतो. उजवीकडे वेगात निघालेला छर्रा पुढच्या खिळ्यालाही उजवीकडेच जाऊ बघतो. सगळे एकदम सोडले तर एकमेकांना ढकलतात. पाणसळ लावून फळी सरळ करताना मुलांना कळतं की 'अर्धी-अर्धी शक्यता' ही आपोआप मिळत नाही, ती मेहनतीने आणावी लागते. माझं मत विचाराल तर आधी लाकूड, मग पडदा. उलट क्रमाने केलं की मुलं लाकडी फळीला 'चुकीची' म्हणतात.

पण पडद्याची बाजूही आहे. १८७७ मध्ये गाल्टन यांनी जॉर्ज डार्विन यांना लिहिलेल्या पत्रात दोन मजली फळीचं चित्र काढलं. अर्ध्या उंचीवर कप्पे, तिथे छर्रे अडवायचे, मग एकेक कप्पा उघडून पुन्हा खिळ्यांतून खाली सोडायचे. प्रत्येक कप्प्याचा खाली आपापला छोटा डोंगर होतो आणि सगळे मिळून पुन्हा एक मोठा डोंगर. अशी फळी सुताराकडून करवून घेणं कटकटीचं, पण पडद्यावर मधल्या कप्प्यांना रंग देऊन दहा हजार चेंडू सोडणं मिनिटाचं काम.

मग मुलांना एक प्रश्न विचारा : तळाशी अगदी उजव्या टोकाला पडलेले चेंडू वरच्या कुठल्या कप्प्यातून आले? मुलं म्हणतील, उजव्या टोकाच्याच. रंग मात्र वेगळं सांगतात. बहुतेक चेंडू वरच्या मजल्यावर मध्याच्या जास्त जवळ होते, कारण मुळात तिथेच गर्दी जास्त. यालाच गाल्टन यांनी पुढे सरासरीकडे परतणं म्हटलं. गोड वाटाण्याच्या बियांवर त्यांनी ते आधी पाहिलं. मग २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ वयात आलेली मुलं यांच्या उंचीवरून १८८६ मध्ये मांडलं. फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीने उंच असतात, पण आईवडिलांइतकी नाही. आणि उलटंही खरं आहे : फार उंच मुलांचे आईवडीलही सरासरीने मुलांपेक्षा कमी उंच. म्हणजे हा रक्ताचा काही गूढ गुण नाही. दोन मोजमापांमधला संबंध अपुरा असला की हे घडतंच. १८८८ मध्ये यातूनच त्यांनी सहसंबंधाची कल्पना मांडली. घटक चाचणीत पहिला आलेला मुलगा सहामाहीत चौथा आला की आपण 'डोक्यात हवा गेली' म्हणतो, आणि सर्वांत कमी गुणांच्या मुलीचे गुण वाढले की 'रागावल्याचा उपयोग झाला' म्हणतो. दोन मजली फळी समोर ठेवा आणि दोन्ही वाक्यं पुन्हा तपासा.

बोटांच्या ठशांवरचं त्यांचं पुस्तक १८९२ चं. ते हुगळीत काम केलेल्या विल्यम हर्शेल यांनी दिलेल्या नमुन्यांवर बरंच आधारलेलं होतं. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. तिथली वर्गीकरणाची पद्धत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या माणसांनी घडवली, नाव मात्र वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं लागलं.

आता अवघड भाग. पालकांसमोर तो टाळू नये असं मला वाटतं. १८६९ च्या 'हेरेडिटरी जीनियस'मध्ये गाल्टन यांनी नामवंत न्यायाधीश, सेनापती, शास्त्रज्ञ यांच्या घराण्यांच्या याद्या केल्या आणि बुद्धी रक्तातून येते असं ठरवून टाकलं. अख्ख्या मानववंशांनाही वर-खाली पायऱ्यांवर बसवलं, त्यात गोरे इंग्रज आफ्रिकी लोकांच्या वर. १८८३ मध्ये 'युजेनिक्स', म्हणजे सुप्रजननशास्त्र, हा शब्दही त्यांनीच घडवला : 'चांगल्या' लोकांना जास्त मुलं व्हावीत, 'कमी' लोकांना कमी. त्यांच्यानंतर या विचाराच्या नावाखाली अमेरिकेत हजारो लोकांची सक्तीने नसबंदी झाली आणि नाझी जर्मनीत त्याहून भयंकर प्रकार झाले.

त्यांची स्वतःची फळी काय सांगत होती बघा. अनेक लहान लहान धक्के एकत्र आले की डोंगर होतो. खिळे पितळेचे की लोखंडाचे हे डोंगराच्या आकारावरून कळत नाही. गुणांच्या डोंगरामागे आनुवंशिकता असेल, जेवण असेल, घरातली पुस्तकं असतील, शिकवणारी बहीण असेल, वडिलांची मालमत्ता असेल. गाल्टन यांनी सगळ्या खिळ्यांना एकच नाव दिलं. मराठीत 'वारसा' हा शब्द रक्तालाही चालतो आणि इस्टेटीलाही. त्यांना दोन्ही मिळाले होते, याद्या करताना मात्र पहिलाच मोजला. नामवंतांच्या मुलांना ओळखी आणि पैसा मिळतो हा आक्षेप त्यांच्या कानावर होता. तो त्यांनी विचारात घेतला आणि बाजूला सारला.

१९०६ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात बैलाचं वजन ओळखण्याच्या स्पर्धेच्या चिठ्ठ्या मागून घेत होते. वाचता येण्यासारख्या ७८७ चिठ्ठ्या होत्या. त्यांचा मध्यक १,२०७ पौंड निघाला आणि खरं वजन १,१९८. सामान्य माणसांच्या गर्दीबद्दल फारसं बरं मत नसलेल्या या माणसाने हा निष्कर्ष 'नेचर'मध्ये जसाच्या तसा छापला.

१९०९ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. १७ जानेवारी १९११ रोजी सरे परगण्यातल्या हेझलमिअर इथे त्यांचं निधन झालं. मृत्युपत्राने लंडन विद्यापीठात सुप्रजननशास्त्राचं अध्यासन निघालं आणि कार्ल पिअर्सन तिथले पहिले प्राध्यापक झाले. जून २०२० मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने आपल्या व्याख्यानगृहावरचं गाल्टन यांचं नाव काढून टाकलं. १८७३ ची ती पेटी त्याच महाविद्यालयाच्या संग्रहात आजही आहे.