टिंडेल-बिस्को आणि त्यांची श्रीनगरची शाळा

प्रत्येक शाळेचे आपापले रिवाज असतात. वार्षिक खेळ, सहली, स्नेहसंमेलन, आवाराची सफाई हें सर्व पूर्वापार चालत आलें आहे, असें नव्या विद्यार्थ्याला वाटतें. परंतु कोणताहि रिवाज आरंभीं रिवाज नसतो. कोणी तरी तो प्रथम सुरू करतो, लोक हसतात, घरचीं माणसें रागावतात. आणि पुष्कळ वर्षांनीं त्याच गोष्टीचा सर्वांना अभिमान वाटूं लागतो. श्रीनगर येथील मिशन हायस्कुलाचा इतिहास या दृष्टीनें मनन करण्यासारखा आहे, आणि तो इतिहास म्हणजे बव्हंशीं एका शिक्षकाचें चरित्र होय.

सेसिल अर्ल टिंडेल-बिस्को यांचा जन्म ता. ९ फेब्रुवारी १८६३ रोजीं इंग्लंडांतील ऑक्सफर्डशायर परगण्यांत झाला. ते अंगानें लहानखुरे होते. ब्रॅडफील्ड येथील शाळेंत थोराड मुलांनीं त्यांना फार छळलें, आणि दुबळ्यांना छळणाऱ्यांविषयीं त्यांच्या मनांत जी चीड उत्पन्न झाली ती जन्मभर गेली नाहीं. पुढें केंब्रिज येथील जीझस कॉलेजांत गेल्यावर मात्र हाच लहान बांधा उपयोगी पडला. शर्यतीच्या नावेंत वल्हीं मारणारे आठ गडी पाठमोरे बसतात. पुढची वाट पाहून सुकाणूं धरणारा एकटाच असतो, व तो वजनानें हलका असावा लागतो. १८८४ सालीं ऑक्सफर्डविरुद्ध झालेल्या प्रसिद्ध शर्यतींत केंब्रिजच्या नावेचें सुकाणूं बिस्को यांच्या हातीं होतें, आणि ती शर्यत केंब्रिजनें जिंकली. धर्मोपदेशकाची दीक्षा घेतल्यावर लंडनच्या पूर्वभागांतील दरिद्री वस्तींत कांहीं काळ काम करून १८९० सालीं ते चर्च मिशनरी सोसायटीतर्फे काश्मीरांत आले.

श्रीनगरची शाळा त्यापूर्वीं दहाएक वर्षें निघालेली होती. झेलम नदीच्या कांठीं, भर शहरांत ती भरे. विद्यार्थी बहुतेक सर्व काश्मिरी पंडितांचे मुलगे होते. अंगांत पायघोळ फेरन, पायांत खडावा, थंडींत फेरनाच्या आंत निखाऱ्यांची कांगडी, असा त्यांचा थाट असे. पाठांतरांत ते हुशार होते. परीक्षा उतरावी व दरबारच्या कचेरींत चाकरी मिळवावी, हा त्यांचा व त्यांच्या वडिलांचा हेतु. धांवणें, ओझें उचलणें, वल्हें मारणें हीं कामें हलक्या लोकांचीं. नाव चालवावी ती हांजी लोकांनीं. कुलीन मुलाचे दंड मऊ असावे अशीच समजूत होती.

१८९१ सालीं बिस्को विवाह करून पत्नीसह श्रीनगरास परत आले, तेव्हां त्यांनीं एक फुटबॉल बरोबर आणला. चेंडू कातड्याचा आहे हें कळतांच मुलांनीं त्याला शिवण्यास नकार दिला. बिस्को यांनीं शिक्षकांच्या हातीं काठ्या दिल्या, मुलांना रांगेनें मैदानावर नेलें, आणि दोन बाजू करून त्यांना उभें केलें. नगरवासी ही गंमत पाहण्यास जमले. शिटी वाजली, कोणी हालेना. पांच मिनिटांची मुदत दिली गेली. ती संपतांच शिक्षक काठ्या उगारून पुढें सरसावले, आणि मग चेंडूमागें एकच झुंबड उडाली. खडावा उडाल्या, पागोटीं सुटलीं. इतक्यांत चेंडू एका मुलाच्या तोंडावर बसला. आपण बाटलों म्हणून तो रडूं लागला व खेळ थांबला. बिस्को यांनीं त्याला पाण्यावर नेऊन धुण्यास सांगितलें. तो स्वच्छ होऊन आला आणि खेळ पुन्हां सुरू झाला. काश्मीरांत शाळकरी फुटबॉलचा आरंभ असा झाला.

त्यानंतर एकामागून एक प्रथा पडत गेल्या. श्रीनगर हें नदी, कालवे व सरोवरें यांचें शहर. तेथें माणसें बुडून मरत. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यानें पोहणें शिकलेंच पाहिजे असा नियम झाला. तेराव्या वर्षापर्यंत ज्याला पोहतां येत नसे त्याची फी वाढे, आणि शिकेपर्यंत ती वाढतच राही. हा नियम पालकांना उपदेशापेक्षां लवकर समजला! दल सरोवर पोहून ओलांडणें हा पुढें शाळेचा मोठा वार्षिक समारंभ ठरला. शाळेचे स्वतःचे नावांचे ताफे झाले, मुलें डोंगर चढूं लागलीं. गुणांची वांटणीहि निराळी होती: एक तृतीयांश गुण बुद्धीला, एक तृतीयांश शरीराला आणि एक तृतीयांश शीलाला व परोपकाराला. केवळ पुस्तकांत डोकें घालणारा मुलगा त्या शाळेंत पहिला येणें कठीण होतें.

शाळेचें चिन्ह एकमेकांवर तिरपीं ठेवलेलीं दोन वल्हीं असें होतें. वल्हें हें बळाचें चिन्ह. त्याचें पातें हृदयाच्या आकाराचें, म्हणून दयेचें. आणि तिरपी मांडणी स्वार्थत्यागाची. प्रत्येक गोष्टींत पुरुषार्थ दाखवावा, असें शाळेचें ब्रीद होतें. तें केवळ भिंतीवर राहिलें नाहीं. पटकीच्या साथींत शिक्षक व विद्यार्थी फावडीं घेऊन घाणेरड्या गल्ल्या साफ करण्यास उतरले. शहरांत आग लागली कीं शाळेचीं मुलें धांवत. पूर आला कीं त्यांच्या नावा निघत. मिशनच्या दवाखान्यांतील बऱ्या होत असलेल्या रोग्यांना नावेंत बसवून दल सरोवरावर हवा खाण्यास नेणें हें मुलांचें नेहमींचें काम झालें. ज्या वल्ह्याला हात लावणें कमीपणाचें वाटे, तेंच आतां आजाऱ्याच्या सेवेस लागलें.

या चरित्रांतील एक गोष्ट मात्र झांकून ठेवूं नये. बिस्को यांचा स्वभाव तापट होता. मुलांच्या कुळाचाराविषयीं व समजुतींविषयीं ते पुष्कळदां कठोरपणें बोलत व लिहीत. परक्यांच्या श्रद्धेला काठीचा धाक दाखविणें आज कोणाला योग्य वाटणार नाहीं. पालकांचा रोष त्यांनीं ओढवून घेतला. १९०५ सालीं ॲनी बेझंट यांच्या प्रेरणेनें श्रीनगरांत हिंदु कॉलेज निघालें, तेव्हां मिशनच्या शाळेंतील कित्येक मुलें तिकडे गेलीं. पण विचार केला म्हणजे दिसतें कीं काठीनें फार तर पहिला फुटबॉल उडविला. थंड पाण्यांत उडी घेऊन बुडणाऱ्यास वर काढणें काठीनें होत नाहीं. तें त्या काश्मिरी मुलांनीं आपखुशीनें केलें, आणि काश्मिरी शिक्षकांनीं आपल्या जातभाईंचे टोमणे सोसून त्यांना करून दाखविलें. म्हणून त्या शाळेच्या परंपरेचें अर्धें श्रेय त्यांचेंच आहे.

विधवांच्या पुनर्विवाहासाठींहि बिस्को झटले. मुलींसाठीं मिशनची निराळी शाळा चालू झाली. ती पुढें मॅलिन्सनबाईंच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. सत्तावन वर्षांच्या सेवेनंतर १९४७ सालीं त्यांनीं काश्मीर सोडलें, आणि ता. १ ऑगस्ट १९४९ रोजीं आफ्रिकेंतील सॉल्सबरी, म्हणजे आतांचें हरारे, येथें त्यांचा अंत झाला. श्रीनगरची ती शाळा आजहि त्यांच्या नांवानें चालते.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्याहि शाळेंत असे पुष्कळ रिवाज आहेत, आणि त्यांचा कधीं कधीं आपणांस कंटाळा येतो. त्यांतील प्रत्येकाविषयीं एवढेंच पाहावें कीं, त्यानें आपल्या दंडांत बळ येतें काय, आणि तें बळ कोणाच्या उपयोगीं पडतें. ज्या रिवाजानें हीं दोन्हीं साधतात, तो आपल्या मागून येणाऱ्या मुलांच्या हातीं धड सोंपविणें हें आपलें काम आहे. आणि ज्यानें तीं साधत नाहींत, त्याच्या जागीं नवा सुरू करण्यास, लोक हसले तरी, कोणी तरी पुढें झालें पाहिजे.