रेव्हरंड टिळक: २२ वर्षांनी मिशन सोडलं, ख्रिस्ताला मात्र सोडलं नाही

नगर जिल्ह्यातल्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर जी मराठी भजनं म्हटली जातात, त्यातली कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख ‘फुलामुलांचे कवी’ अशी होते. पण ज्या मिशनमध्ये टिळकांनी उभी हयात घातली, त्याच मिशनचा त्यांनी शेवटी राजीनामा दिला, हे फार थोड्यांना माहीत असतं.

कोकणातून नाशिकला

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचं. वडील कडक, आई मायाळू आणि कवितेची आवड असणारी. आई लवकर गेली आणि या पोराचं घरातलं मन उडालं. घर सोडून तो नाशिकला पोचला. तिथं संस्कृत शिकला आणि कविता करू लागला. लग्न झालं ते नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

माणूस बुद्धीनं तल्लख, पण एका जागी टिकायचा नाही. आज या गावी, उद्या त्या गावी. डोक्यात एकच विचार: जातीपातीनं पोखरलेला हा देश उभा राहील तो कोणत्या धर्मावर?

रेल्वेत हाती आलेलं पुस्तक

१८९३ साली राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. बोलता बोलता त्यानं नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळक पुस्तक वाचत गेले आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तोही परदेशी साहेबाच्या हातून नको, आपल्याच देशातल्या पाळकाच्या हातून हवा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे काय होणार, याची खूण त्या दिवशीच दिसली होती.

किंमत मात्र मोठी पडली. जात गेली, नातेवाईक तुटले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांकडे राहिल्या. नवरा जिवंत, पण संसार मोडलेला. चार-साडेचार वर्षं अशीच गेली. मग त्या परत आल्या. सुरुवातीला सोवळं सांभाळूनच राहिल्या. हळूहळू त्यांच्या मनातली जात गळून पडली आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

नगर आणि राहुरी

टिळकांचं पुढचं आयुष्य गेलं ते अमेरिकन मराठी मिशनच्या कामात, मुख्यतः नगरला. काही वर्षं त्यांचं बिऱ्हाड राहुरीतही होतं. पाळक होणाऱ्या पोरांना ते शिकवायचे. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादक झाले. घर कायम माणसांनी भरलेलं. बालकवी ठोमरेही काही काळ त्यांच्याच घरी राहिले.

तेव्हा चर्चमधली गाणी बरीचशी इंग्रजी चालींवर बेतलेली असत. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत आणलं. टाळ-मृदंगावर म्हणता येईल असं भजन दिलं. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानायचे. त्यामुळं ख्रिस्ती झालं की तुकोबा परका होतो, हे त्यांना कधी पटलंच नाही.

मन का विटलं?

ठिणगी पडली ती इथंच. टिळकांना दिसत होतं की ख्रिस्त आपल्या माणसांपर्यंत पोचतोय तो साहेबी पोशाखात. पैसा बाहेरून यायचा आणि निर्णय मिशनऱ्यांच्या हातात असायचे. मिशनरी हा भाऊ न राहता मालक झाला होता, तर हिंदी पाळक त्याचा पगारी नोकर. प्रेमाचा धर्म सांगायचा आणि हिशेब मात्र साहेब-चाकराचा, हे त्यांना सलत होतं.

दुसरी सल कुंपणाची होती. येशूवर जीव असलेले कितीतरी हिंदू त्यांच्या ओळखीचे होते. बाप्तिस्मा घेतला तर घरदार तुटेल, म्हणून ते थांबलेले. चर्चच्या वहीत त्यांचं नाव नव्हतं. घरदार तुटणं म्हणजे काय, हे टिळकांनी स्वतः भोगलं होतं. त्यामुळं अशा माणसांना परकं म्हणायला ते तयार नव्हते.

१९१७: संन्यास आणि ‘देवाचा दरबार’

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनच्या नोकरीवर पाणी सोडलं. आपण आता ख्रिस्ती संन्यासी आहोत, असं जाहीर केलं आणि मुक्काम साताऱ्याला हलवला. तिथं ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, येशूला गुरू मानणारे सगळे त्यात एकत्र बसणार होते.

लक्ष्मीबाईंना हे आधी रुचलं नाही. एकदा धर्मासाठी संसार मोडला होता, आता उतारवयात हे संन्यासाचं खूळ कशाला, असं कुठल्याही बाईला वाटेलच. तरी पुढं त्या साताऱ्याला गेल्याच.

टिळकांनी मिशनशी भांडण मात्र मांडलं नाही. ‘ज्ञानोदय’चं काम शेवटपर्यंत चालू ठेवलं. मिशनऱ्यांतले मित्र मित्रच राहिले. बडव्यांवर राग आहे म्हणून वारकरी काही पांडुरंगाला सोडत नाही, तसंच हे.

दरबार विरला, भजन राहिलं

दरबाराला दोन वर्षंही पुरती मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांचं निधन झालं. माणूस गेला आणि दरबारही विरत गेला. त्याच्या मागे ना पैसा होता, ना इमारत, ना दुसरा टिळक. संस्थेशिवाय काम किती दिवस तगतं, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यानं तसाच मागे ठेवला.

त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते पुढं नेलं कुणी? ज्या बाईनं कधीकाळी त्यांच्या धर्मांतरापायी रडून दिवस काढले, तिनंच. लक्ष्मीबाईंनी त्याचे ६४ अध्याय लिहिले.

ज्या चर्चच्या चौकटीत टिळकांचा जीव घुसमटला, तिथल्या उपासनेच्या पुस्तकात आज सगळ्यात ठसठशीत नाव त्यांचंच आहे. येत्या रविवारी राहुरीत किंवा नगरला चर्चवरून जाताना आतून अभंगाची चाल कानावर आली, तर जरा थांबून ऐका. राजीनामा देऊन बाहेर पडलेल्या माणसाचे शब्द असतील ते.