सलग १५ वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला गडी, ज्याने स्पर्धा सोडली आणि स्पर्धाच बंद पडायला आली

स्नूकर म्हणलं की डोळ्यासमोर काय येतं? हिरवंगार टेबल, वेस्टकोट आणि बो टाय घातलेले खेळाडू आणि हॉलमध्ये अशी शांतता की कुणी खोकलं तरी सगळे वळून बघतील.

आज या खेळाची प्रोफेशनल टूर वर्षभर चालू असते. खेळाडू इंग्लंड, वेल्स, जर्मनी, चीन असं फिरत राहतात. आणि मग सीझनच्या शेवटी सगळ्यांची पावलं वळतात इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरातल्या क्रुसिबल थिएटरकडे. तिथं होते वर्ल्ड चॅम्पियनशिप. जिंकणाऱ्याला बक्षीस किती? तर तब्बल ५ लाख पौंड.

पण ही स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा जिंकणाऱ्याच्या हातात किती पडले होते माहितीये? फक्त साडेसहा पौंड.

ते साडेसहा पौंड मिळवणारा खेळाडू म्हणजे जो डेव्हिस. गंमत म्हणजे ही स्पर्धा व्हावी म्हणून खटपट करणारा पण तोच. आणि पुढं जाऊन ही स्पर्धा जवळजवळ संपली, त्याचं खापर सुद्धा काही प्रमाणात त्याच्याच डोक्यावर फुटतं.

हे सगळं कसं झालं, तेच जरा इस्कटून सांगतो.

सुरुवात मात्र आपल्या जबलपूरपासून करावी लागते. १८७५ च्या आसपास तिथल्या ब्रिटिश छावणीत पावसाळ्यात वेळ जात नव्हता म्हणून अधिकारी मंडळी बिलियर्ड्सच्या टेबलावर वेगवेगळे खेळ खेळत बसायची. त्यातल्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने लाल बॉलच्या खेळात आणखी रंगीत बॉल घातले आणि स्नूकर जन्माला आलं. हा चेंबरलेन म्हणजे पुढं इंग्लंडचा पंतप्रधान झाला तो नव्हे, नाव सारखं आहे इतकंच. नंतर उटीच्या क्लबमध्ये खेळाचे नियम नीट लिहून लावले गेले आणि खेळ इंग्लंडला पोहोचला.

पण इंग्लंडमध्ये तेव्हा राज्य होतं बिलियर्ड्सचं. मोठे खेळाडू, मोठे सामने, पेपरातल्या बातम्या, सगळं बिलियर्ड्सला. स्नूकर म्हणजे टाइमपास. मेन मॅच झाल्यावर उरलेल्या वेळात खेळायची गोष्ट.

अशा काळात १५ एप्रिल १९०१ ला डर्बीशायरमधल्या व्हिटवेल गावात डेव्हिसचा जन्म झाला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. पुढं त्यांनी खाण सोडून पब चालवायला घेतला आणि घर चेस्टरफिल्ड शहराजवळ आलं. त्या पबात बिलियर्ड्सचं फुल साइझ टेबल होतं. झालं, पोराचा सगळा वेळ त्या टेबलाभोवती जायला लागला.

बाराव्या वर्षी त्याने बिलियर्ड्समध्ये शंभराचा ब्रेक मारला. ब्रेक म्हणजे एकदा खेळायला उभं राहिल्यावर न चुकता केलेले पॉइंट. तेराव्या वर्षी त्याने चेस्टरफिल्ड भागातल्या हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकली आणि अठराव्या वर्षी तो प्रोफेशनल झाला.

यात आणखी एक गोष्ट होती. त्याचा उजवा डोळा अगदीच कमजोर होता, सगळी भिस्त डाव्या डोळ्यावर. म्हणून शॉट मारताना तो क्यू डाव्या डोळ्याच्या खाली आणून नेम धरायचा. ज्या खेळात केसभर फरकाने बॉल पॉकेटबाहेर राहतो, त्या खेळात हा माणूस एका डोळ्याच्या जोरावर उतरला होता.

चेस्टरफिल्डमध्ये तो बिलियर्ड्सचे हॉल पण सांभाळायचा. आणि तिथंच त्याला एक गोष्ट दिसली. मोठे खेळाडू बिलियर्ड्स खेळत असले, तरी साधी माणसं संध्याकाळी पैसे देऊन टेबल घेतात तेव्हा खेळतात स्नूकर. म्हणजे गिऱ्हाईक तयार होतं, फक्त दुकान कुणी उघडलं नव्हतं.

बरं, हे सुचणारा तो काही एकटा नव्हता. नॉटिंगहॅमच्या टॉम डेनिस नावाच्या खेळाडूने १९२४ मध्येच खेळाच्या संघटनेकडे प्रोफेशनल स्नूकर स्पर्धेची मागणी केली होती. पण पब्लिक हा खेळ बघायला येईल का, यावरच संघटनेला शंका होती. विषय तिथंच थांबला.

मग डेव्हिसने बर्मिंगहॅमच्या बिल कॅमकिनला सोबत घेतलं. कॅमकिनचे बिलियर्ड्सचे हॉल होते, त्याला धंदा कळत होता. या दोघांनी पाठपुरावा केला आणि संघटना तयार झाली. १९२६ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्या चॅम्पियनशिपचे सामने सुरू झाले. एकूण १० खेळाडू. आणि थाट कसला, तर पहिला सामना दोन आठवड्यांच्या बिलियर्ड्स मॅचला शेपूट म्हणून जोडलेला. बिलियर्ड्सचं सेशन संपलं की स्नूकरची एक फ्रेम.

फायनल झाली मे १९२७ मध्ये बर्मिंगहॅमला, कॅमकिनच्याच हॉलमध्ये. समोर कोण? तोच टॉम डेनिस. डेव्हिसने २०-११ ने मॅच मारली आणि साडेसहा पौंड घेऊन घरी गेला. त्या वेळी घेतलेली चांदीची ट्रॉफी आजही वर्ल्ड चॅम्पियनला दिली जाते.

आता तुम्ही म्हणाल, इथून स्नूकरची गाडी सुसाट सुटली असेल. तर तसं काही झालं नाही.

पुढची काही वर्षं ही स्पर्धा कशीबशी चालत होती. १९३१ मध्ये तर फक्त दोघांनी नाव दिलं, डेव्हिस आणि डेनिस. म्हणजे पहिला सामना हीच फायनल, आणि ती पण डेनिसच्याच गावात. डेव्हिस २५-२१ ने जिंकला. १९३४ मध्ये पुन्हा दोघंच उरले. त्या वर्षी समोर टॉम न्यूमन होता आणि फायनल नॉटिंगहॅम आणि केटरिंग अशा दोन गावांत वाटून खेळवली गेली. जिथं हॉल मिळेल आणि तिकिटं खपतील तिथं टेबल लावायचं, असा तो मामला होता.

इकडं बिलियर्ड्समध्येही डेव्हिस मागं नव्हता. १९२८ ते १९३२ या काळात त्याने बिलियर्ड्सची वर्ल्ड चॅम्पियनशिप ४ वेळा मारली. पण मग ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम आला.

लिंड्रम हा बिलियर्ड्समधला ब्रॅडमन समजा. जानेवारी १९३२ मध्ये लंडनच्या थर्स्टन्स हॉलमध्ये त्याने एकाच ब्रेकमध्ये ४,१३७ पॉइंट केले. जवळपास तीन तास तो एकटाच खेळत होता. खुर्चीत बसून हे सगळं बघणारा प्रतिस्पर्धी कोण होता? आपला जो डेव्हिस. लिंड्रमला हरवणं कठीण होतं, पण खरी अडचण वेगळीच होती. बॉल जवळ ठेवून बारीक बारीक टोले देत तासन् तास चालणारा खेळ लोकांना कंटाळवाणा वाटायला लागला. खेळाडू इतके तरबेज झाले की खेळातली मजाच गेली. नियम बदलून बघितले, पण पब्लिक हळूहळू पांगलंच.

स्नूकरमध्ये तसं नव्हतं. १५ लाल बॉल, प्रत्येकाचा एक पॉइंट. लाल घातला की एक रंगीत घालायचा, त्यात काळ्याचे सर्वात जास्त म्हणजे ७. दर शॉटला चित्र बदलतं आणि एक चूक झाली की समोरचा तुटून पडतो. बिलियर्ड्सला कंटाळलेलं पब्लिक स्नूकरकडे वळायला लागलं आणि तिथं डेव्हिस आधीच बसलेला होता.

त्याने फक्त सामने जिंकले नाहीत, तर खेळण्याची पद्धतच बसवली. एक बॉल घातल्यावर पांढरा बॉल नेमका कुठं थांबला पाहिजे, म्हणजे पुढचा शॉट सोपा होईल, याचा हिशोब मांडून खेळायचं. आज टीव्हीवर जो खेळ आपण बघतो, त्याचा पाया हाच.

१९२७ ते १९४० सलग १४ वर्षं तो वर्ल्ड चॅम्पियन होता. सगळ्यात घासून सामना झाला १९४० चा. समोर होता १२ वर्षांनी लहान असलेला सख्खा भाऊ, फ्रेड डेव्हिस. थोरला भाऊ कसाबसा ३७-३६ ने वाचला.

मग दुसऱ्या महायुद्धामुळं स्पर्धा थांबली. थर्स्टन्स हॉलवर जर्मन बॉम्ब पडला. या काळात डेव्हिसने नाट्यगृहांच्या स्टेजवर टेबल लावून ट्रिक शॉट दाखवायला सुरुवात केली. मागच्या रांगेतल्या माणसाला टेबल कसं दिसणार? तर त्याने टेबलाच्या वर मोठा आरसा तिरका टांगला. टीव्हीचा वरचा कॅमेरा आज जे काम करतो, ते त्या आरशाने केलं.

१९४६ मध्ये स्पर्धा परत सुरू झाली. फायनलमध्ये वॉल्टर लिंड्रमचा भाचा होरेस लिंड्रम समोर होता. दोन आठवडे मॅच चालली, लंडनच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये लोकांनी गर्दी केली आणि डेव्हिस ७८-६७ ने जिंकला. १५ स्पर्धा झाल्या आणि पंधराही त्याच्याच. पुढं स्टीफन हेंड्री आणि रॉनी ओ'सुलिव्हनसारखे दिग्गज झाले, पण ते प्रत्येकी ७ वर थांबलेत.

आणि इथं, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्याने वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळणं सोडलं.

पण मेख अशी होती की त्याने स्पर्धा सोडली, खेळणं सोडलं नाही. दुसऱ्या स्पर्धा, दौरे, दोस्तीचे सामने, सगळं जोरात चालू होतं. बऱ्याचदा तो समोरच्याला सुरुवातीलाच पॉइंट देऊन खेळायचा आणि तरी जिंकायचा. असे पॉइंट न देता बरोबरीने खेळून त्याला आयुष्यात फक्त एकाच माणसाने हरवलं, तो म्हणजे फ्रेड. ते पण चारच वेळा.

मग लोकांच्या मनात साधा प्रश्न आला. डेव्हिस अजून सगळ्यांत भारी आहे हे दिसतंय, तर जो कुणी वर्ल्ड चॅम्पियन होतोय तो नक्की कसला चॅम्पियन? फ्रेडने किताब जिंकले, पण थोरल्याची सावली काही हटली नाही.

दुसऱ्या बाजूला सगळी सूत्रं डेव्हिसच्या हातात आली होती. प्रोफेशनल खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष तो. युद्धानंतर लेस्टर स्क्वेअर हॉल या नावाने परत सुरू झालेला थर्स्टन्स हॉल भाड्याने घेणाऱ्यांमध्ये तो. आणि सगळ्यांत जास्त तिकिटं खपवणारा खेळाडू पण तोच. त्याच्यामुळं इतर खेळाडूंची घरं चालत होती हे खरं, पण एकाच माणसावर टेकलेला खेळ किती दिवस उभा राहणार, हे पण तितकंच खरं.

१९५२ मध्ये पैशांवरून खेळाडू आणि नियामक संघटना यांच्यात फाटलं. खेळाडूंनी आपली वेगळी स्पर्धा काढली. संघटनेच्या मूळ स्पर्धेला त्या वर्षी फक्त दोन खेळाडू उरले.

या पडत्या काळातच डेव्हिसने आणखी एक इतिहास केला. २२ जानेवारी १९५५ ला लेस्टर स्क्वेअर हॉलमध्ये विली स्मिथसोबत खेळताना त्याने १४७ चा ब्रेक मारला. पंधराही लाल, प्रत्येकासोबत काळा, असे १२०. वर शेवटच्या सहा रंगीत बॉलचे २७. एका फ्रेममध्ये फाऊलची मदत न होता जास्तीत जास्त एवढेच पॉइंट होतात. अधिकृतपणे मान्य झालेला हा जगातला पहिला १४७. पण भांडण एवढं टोकाला गेलेलं की सामना प्रोफेशनल खेळाडूंच्या नियमाने झाला होता म्हणून संघटनेने त्याला मान्यता द्यायला १९५७ उजाडवलं.

त्याच १९५५ मध्ये लेस्टर स्क्वेअर हॉल बंद झाला. १९५७ च्या वर्ल्ड स्पर्धेत चारच खेळाडू उतरले आणि मग १९६४ पर्यंत वर्ल्ड चॅम्पियनशिप झालीच नाही.

डेव्हिसने हातपाय मारले. १९५९ मध्ये त्याने स्नूकर प्लस काढलं. नारिंगी आणि जांभळा असे दोन बॉल वाढवले, जास्तीत जास्त ब्रेक १४७ वरून २१० वर नेला. पण लोकांनी ते काही मनावर घेतलं नाही. १९६३ मध्ये सरकारने ओबीई देऊन गौरव केला आणि पुढच्या वर्षी त्याने खेळणं थांबवलं.

खेळ वाचवला तो रंगीत टीव्हीने. १९६९ मध्ये बीबीसीने पॉट ब्लॅक नावाचा कार्यक्रम सुरू केला. रंगीत बॉल आणि रंगीत टीव्ही, जोडी जमली. त्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिप नॉकआउट पद्धतीने परत सुरू झाली आणि १९७७ ला ती क्रुसिबलला आली.

पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, क्रुसिबलच्या सेमीफायनलला कोण पोहोचलं असेल? ६४ वर्षांचा फ्रेड डेव्हिस. समोर दक्षिण आफ्रिकेचा पेरी मॅन्स. प्रेक्षकांत बसून धाकट्या भावाचा सामना बघणारा ७७ वर्षांचा डेव्हिस तिथंच आजारी पडला. फ्रेड १६-१८ ने हरला. थोरल्याचं ऑपरेशन झालं, पण त्यातून सावरत असतानाच १० जुलै १९७८ ला त्याचं निधन झालं.

त्याने लिहिलेलं हाऊ आय प्ले स्नूकर हे पुस्तक मात्र मागं राहिलं. लंडनमधल्या एका बापाने ते वाचून आपल्या पोराला शिकवलं. तो पोरगा म्हणजे स्टीव्ह डेव्हिस, ज्याने १९८० च्या दशकात ६ वर्ल्ड टायटल मारली. आडनाव एक असलं तरी नातं काहीच नाही.

आणि जबलपूरहून गेलेला हा खेळ फिरून इकडं पण आला. २०१३ मध्ये प्रोफेशनल टूरची इंडियन ओपन दिल्लीत भरली, तेव्हा आपला मुंबईकर आदित्य मेहता थेट फायनलला पोहोचला होता. चीनच्या डिंग जुनहुईकडून तो हरला, पण टूरवर फायनल गाठून आला.

साडेसहा पौंडांची स्पर्धा ५ लाखांवर गेली, ती डेव्हिस नसताना. पण डेव्हिस नसता तर ती भरलीच नसती. आणि आजही क्रुसिबलमध्ये जो कुणी जिंकतो, तो डोक्यावर उचलतो ती ट्रॉफी १९२७ ला खाणकामगाराच्या त्या पोरानेच सगळ्यात आधी उचललेली असते.