लुई पाश्चर : डावे आणि उजवे स्फटिक

चामडे कमावणाऱ्याच्या घरी १८२२ साली जन्मलेल्या पाश्चरला बालपणी चित्रांचा नाद होता. ती सरावलेली नजरच पुढे कामी आली, असे म्हणावयास हरकत नाही. टार्टारिक अम्ल ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवी. त्याच घटकांचे पॅराटार्टारिक अम्ल मात्र निष्क्रिय. दोहोंच्या लवणांचे स्फटिक एकरूपच, हा मिट्शरलिखचा निर्वाळा. १८४८ साली, पंचविशीतल्या पाश्चरला निष्क्रिय लवणात बिंब-प्रतिबिंबासारखे दोन प्रकारचे स्फटिक दिसले. त्याने ते एकेक वेचून निराळे केले. एकाचे द्रावण प्रकाश उजवीकडे वळवी, दुसऱ्याचे डावीकडे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या साशंक बियोने सारा प्रयोग आपल्या देखत पुन्हा करविला, तेव्हाच त्याची खात्री पटली. स्फटिक विरघळला तरी वळण टिकते. तेव्हा हे डावे-उजवेपण रेणूतच असले पाहिजे, हे पाश्चरने ताडले.