न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : सत्य आणि सौम्य वाणी

पवित्र कुरआनने श्रद्धावंतांना सरळ व सत्य बोलण्याची आज्ञा दिली आहे, फिरऔनसारख्या जुलमी राजाशीही मृदू बोलावे, असे हजरत मूसा (अ.) यांना सांगितले. सत्य आणि सौम्यता यांचा हा मेळ न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या जीवनात दिसतो.

१८४४ मध्ये मुंबईच्या व्यापारी घराण्यात जन्मलेले तय्यबजी विलायतेत कायदा शिकले आणि १८६७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातील पहिले भारतीय बॅरिस्टर झाले. समाजाच्या शिक्षणासाठी अंजुमन-ए-इस्लामच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला. १८८७ मध्ये ते मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा सर सय्यद अहमद खान यांनी काँग्रेसला कडाडून विरोध केला. तय्यबजींनी त्यांना पत्रांतून उत्तर दिले. आपले मत सोडले नाही आणि आदरही सोडला नाही. मुस्लिमांचा एकमुखी विरोध असेल तो विषय काँग्रेसने चर्चेस घेऊ नये, हा आग्रहही त्यांनी मान्य करवून घेतला. पुढे न्यायमूर्ती म्हणून १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी लोकमान्य टिळकांना जामीन दिला. १९०६ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले.

गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या शाळेत भाषणाला उभा राहणारा मुलगा असो वा नोकरीच्या मुलाखतीला निघालेली मुलगी, त्यांना शब्दचातुर्याआधी हा संयम घरातच शिकवला पाहिजे.