सायकलच्या दुकानातले लक्ष्मणराव

गेल्या मे महिन्यात मी इंदूरला आत्याकडे गेलो होतो. आतेभावाची सायकल घेऊन राजवाड्याच्या बाजूला हिंडत असताना कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ मागचे चाक बसले. बरोबर आतेभावाचे दोन कॉलेजमित्र होते. आदल्याच दिवशी त्यांनी माझे वडील काय करतात असे विचारले होते आणि व्यापारी आहेत एवढेच सांगून मी विषय बदलला होता. माझ्या वडिलांचे बेळगावात सायकलदुरुस्तीचे दुकान आहे. पंक्चर काढायला मी चौथीत असतानाच शिकलो. तरीही त्या दिवशी हात न लावता मी फुटपाथवरच्या पंक्चरवाल्यापुढे सायकल उभी केली.

त्याने ट्यूब बाहेर काढली, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात फिरवली. बुडबुडे आले ती जागा पुसून काचकागदाने घासली, सोल्यूशन लावून वाळू दिले आणि ठिगळ दाबून बसवले. तो ट्यूब पुन्हा आत घालू लागला, तेव्हा माझ्याने राहवेना. आधी टायरच्या आतून बोट फिरवा, काटा तिथेच असेल, असे मी बोलून गेलो. काटा होताच. हे काम तुम्हाला येते वाटते, असे त्याने हसून विचारले. मित्रांदेखत मला हो म्हणावे लागले. पण कुठे शिकलो हे मी तेव्हाही सांगितले नाही.

शेजारच्या दुकानावर किर्लोस्कर पंपांची पाटी होती. इंदूरजवळ देवासला त्यांचा कारखाना आहे, असे आतेभावाचा मित्र कौतुकाने सांगू लागला. ज्या धंद्याची मला लाज वाटत होती, त्याच धंद्यातून हे नाव पुढे आले हे त्याला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते, आणि म्हणूनच मी अधिक खजील झालो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. गाव कानडी मुलखातले आणि घर मराठी, त्यामुळे आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांना लक्ष्मणरावांवर सारखाच हक्क सांगता येईल. शाळेत त्यांचे मन रमले नाही. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे त्यांना काही रंग ओळखू येत नाहीत असे लक्षात आले. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता? पण रेषा काढायला रंग लागत नाहीत. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. फावल्या वेळात यंत्रे खोलून पुन्हा जोडण्याचा नाद त्यांना तेथेच लागला.

१८८८ साली त्यांनी थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकीत. एका सायकलीला सातशे ते हजार रुपये पडत आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे. त्याच वर्षी बेलफास्टच्या डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. म्हणजे पंक्चर काढण्याचा धंदा आणि किर्लोस्करांचे दुकान जवळजवळ एकाच वयाचे!

पुढे इन्स्टिट्यूटमध्ये हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. सायकलीबरोबर त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनवले आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तयार नांगर पडून राहिले. पहिले गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी अशा मालाला अडकलेले भांडवल म्हणतो आणि उत्तरपत्रिकेत त्यावर उपाय लिहितो. दोन वर्षे तो माल रोज डोळ्यांसमोर पाहत राहणे काय असते, हे पुस्तकात नाही.

धंद्याला जरा रूप येते तोच नव्या वसाहतीसाठी जागा रिकामी करण्याची नोटीस नगरपालिकेकडून आली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिले. जमीन निवडुंगाने आणि सापांनी भरलेली होती. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे स्टेशनालाही तेच नाव मिळाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी काम दिले, पहाऱ्यावर नेमले. अस्पृश्यता त्यांनी वसाहतीत मानली नाही. १९२० साली तेथूनच ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

प्रत्येक सायकलवाला किर्लोस्कर होत नाही, हे मला कळते. माझे वडीलही झाले नाहीत आणि त्याची त्यांना खंत नाही. पण लक्ष्मणरावांनी कारखानदार झाल्यावर सायकलचे दुकान लपवले नाही, आणि मी मात्र काहीही न होता ते लपवले. इंदूर सोडण्याच्या आदल्या रात्री मी त्या दोघा मित्रांना खरे काय ते सांगितले. त्यांना त्यात विशेष काहीच वाटले नाही. एकाने तर लगेच आपल्या सायकलची वॉलट्यूब सारखी का फाटते, असे विचारले.

या वर्षी कॉलेजच्या प्रवेश-अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी सायकलदुरुस्ती असे स्वच्छ अक्षरात लिहिले आहे. मागील दोन वर्षे तेथे फक्त व्यापार असे लिहीत होतो.