'जोकर'नं कर्जात बुडवलं, 'बॉबी'नं बाहेर काढलं : लोणीच्या राजबागेत राहिलेल्या माणसाचा धंद्याचा हिशोब

पुण्याहून सोलापूर रोडला लागलं आणि हडपसर मागं टाकलं की थोड्या वेळात लोणी काळभोर येतं. तेलाच्या डेपोतून भरून निघालेले टँकर, रस्त्याच्या कडेची गॅरेजं, हॉटेलं, हार्डवेअरची दुकानं. याच गावात मुळा-मुठेच्या काठाला राजबाग आहे. आज तिथं एमआयटीचं विद्यापीठ दिसतं, पण ही शंभर एकरांहून मोठी जागा एकेकाळी राज कपूरची होती. त्याचं स्मारकही इथंच आहे.

राज कपूर म्हटलं की आपल्याला निळे डोळे, आखूड पॅन्ट आणि मुकेशचा आवाज आठवतो. पण हा माणूस तब्बल ४० वर्षं स्वतःची कंपनी चालवत होता. पगार, कर्ज, व्याज, उधारी हे सगळं त्यालाही चुकलं नव्हतं. १९७० साली तर ती कंपनी बुडायच्या बेताला आली होती.

ती वाचली कशी, हे दुकान असो वा कारखाना, धंदा करणाऱ्या प्रत्येकानं समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवातीपासून बघू. राज कपूरचा जन्म १४ डिसेंबर १९२४ चा, पेशावरचा. वडील पृथ्वीराज कपूर मोठे नट होते, तरी पोराची सुरुवात केदार शर्मांकडं क्लॅप देण्यापासून झाली. तिथं कॅमेऱ्यामागचं काम हाताखालून गेलं आणि १९४८ मध्ये, वयाच्या चोविशीत, त्यानं आर. के. फिल्म्स काढली. पहिला सिनेमा 'आग'. तो काही फार कमावून गेला नाही.

दुसरा होता १९४९ चा 'बरसात'. त्याची टीम बघा. संगीत द्यायला शंकर-जयकिशन, जे तोवर पृथ्वी थिएटर्समध्ये वाजवायचे. गाणी लिहायला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम करणारा शैलेंद्र आणि बस कंडक्टरी केलेला हसरत जयपुरी. निम्मीचाही हा पहिलाच सिनेमा. नावाजलेल्या माणसांना द्यायला पैसा नव्हता, म्हणून राज कपूरनं नाव नसलेली पण कामाची माणसं शोधली.

'बरसात' तुफान चालला. आलेला पैसा त्यानं चेंबूरला स्टुडिओ उभा करण्यात घातला. म्हणजे पहिल्या मोठ्या नफ्यातून भाड्याची कटकट संपवणारी स्वतःची जागा. शिवाय 'बरसात'मधली एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर नर्गिस ही पोझ उचलून कंपनीचं बोधचिन्ह केलं. ब्रँडिंग हा शब्द आपल्याकडं रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पुढं 'आवारा', 'श्री ४२०', 'संगम' असे सिनेमे आले. 'आवारा' तर सोव्हिएत रशियात घराघरांत पोचला. लेखक ख्वाजा अहमद अब्बास, कॅमेरामन राधू कर्मकार, गायला मुकेश आणि लता मंगेशकर. पाया भरताना जोडलेली माणसं त्यानं वर्षानुवर्षं सांभाळली.

मग आला 'मेरा नाम जोकर'.

हे राज कपूरचं सगळ्यात लाडकं स्वप्न. तयार व्हायला सहा वर्षांच्या आसपास लागली. मोठमोठे कलाकार, सर्कस, रशियन कलावंत, चार तासांहून जास्त लांबी आणि दोन मध्यंतरं. यात कंपनीची कमाई गेली, वर कर्ज झालं, स्टुडिओ गहाण पडला. डिसेंबर १९७० मध्ये सिनेमा लागला आणि पडला.

संकटं एकटी येत नाहीत. मुलगा रणधीरनं दिग्दर्शित केलेला 'कल आज और कल' १९७१ मध्ये आला, तोही फार चालला नाही. त्याच वर्षी जयकिशन गेला. शैलेंद्र १९६६ लाच गेला होता. १९७२ मध्ये वडील पृथ्वीराज गेले.

अशा वेळी धंदेवाला साधारण दोनपैकी एक चूक करतो. एक तर शटर ओढतो, नाहीतर बुडालेलं एकाच फटक्यात भरून काढायला आणखी मोठं कर्ज काढतो.

राज कपूरनं तिसराच रस्ता धरला. तो पुन्हा 'बरसात'च्या हिशोबावर गेला. महागडा हिरो परवडणार नव्हता, मग घरातलाच ऋषी कपूर. हिरॉईन नवी कोरी डिंपल कपाडिया. गोष्ट साधी, श्रीमंताचा पोरगा आणि गोव्याच्या कोळ्याची पोरगी. लिहायला जुनाच माणूस, अब्बास. संगीताला मात्र लक्ष्मीकांत-प्यारेलाल, कारण तेव्हाच्या तरुणांच्या कानावर त्यांच्याच चाली होत्या. या वेळी त्यानं स्वतःच्या मनातलं बाजूला ठेवलं आणि तिकीट काढणाऱ्या पोरापोरींना काय हवंय ते बघितलं. स्वतः पडद्यावर आलासुद्धा नाही.

१९७३ मध्ये 'बॉबी' लागला आणि इतका चालला की त्यात दिसलेल्या राजदूतच्या छोट्या मोटरसायकलला लोक 'बॉबी' म्हणायला लागले. आर. के. पुन्हा उभी राहिली.

लोणीची राजबागही त्यानं नुसती हवा खायला ठेवली नाही. १९७८ च्या 'सत्यम शिवम सुंदरम'साठी गाव आणि देवळाचा सेट याच नदीकाठी लागला. हाताशी असलेली जागा कामाला लावायची त्याची सवय होती.

१९८८ मध्ये दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार सोहळ्यातच त्याला दम्याचा झटका आला आणि २ जूनला तो गेला. अपुरा 'हिना' रणधीरनं पुरा केला, पण १९९९ नंतर आर. के.चा नवा सिनेमा आला नाही. २०१७ मध्ये स्टुडिओला आग लागली, पुन्हा उभारणं घरच्यांना परवडणारं नव्हतं, आणि २०१९ मध्ये ती जागा गोदरेज प्रॉपर्टीजकडं गेली. कंपनी एकाच माणसाच्या डोक्यावर चालत असेल तर त्याच्यामागं काय होतं, तेही इथं दिसतं.

तुमचा धंदा वडापावचा असो वा वर्कशॉपचा, या हिशोबातून घेण्यासारखं हे :

१. पहिला मोठा नफा आला की भाडं किंवा खर्च कायमचा कमी करणाऱ्या गोष्टीत घाला.

२. मोठं नाव परवडत नसेल तर कामाचा नवा माणूस शोधा आणि मोठे झाल्यावर त्याला सोडू नका.

३. स्वप्नाचा प्रयोग जरूर करा, पण राहतं घर आणि चालू दुकान त्यावर लावू नका. किती बुडालं तर थांबायचं, तो आकडा आधीच वहीत लिहा.

४. नुकसानीनंतरचं पहिलं पाऊल आधीच्यापेक्षा लहान टाका आणि गिऱ्हाईक आज काय मागतंय ते बघून टाका.

५. आपल्यामागं धंदा कोण बघणार, हे आपण असतानाच ठरवा.

'जोकर'लाही पुढं प्रेक्षक मिळाले, आज लोक तो आवडीनं बघतात. पण १९७१ मध्ये सावकाराचं व्याज त्या कौतुकासाठी थांबणार नव्हतं. ते 'बॉबी'च्या तिकिटांनी फेडलं.